स्कोपची प्रिंट आणि तिरका पडदा

मुंबईहून आलेली फिल्म उजेडासमोर धरली. हिरोचं तोंड काकडीसारखं लांब. त्याच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, ते अंड्यासारखं उभट. मी फिल्म थोडी पुढे ओढून पाहिली. सगळी माणसं तशीच, दोन्ही कुशीतून दाबल्यासारखी.

"अण्णा, प्रिंट स्कोपची आलीय!" मी ओरडले.

अण्णा म्हणजे आमचे मालक. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचं ऑफिस होतं. सिनेमाच्या फिल्मा आणि मशीन भाड्याने द्यायचा धंदा. गोष्ट सत्तरच्या दशकातली. व्हिडिओ हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता. टॉकीजला पस्तीस एमएमची फिल्म चालते. सिनेमा टॉकीजमधून उतरला की काही महिन्यांनी मुंबईहून त्याची सोळा एमएमची बारकी प्रिंट निघायची, ती घरी, शाळेत, कारखान्यात दाखवायला. घरबसल्या सिनेमा बघायचा तो असा. मी तिथे प्रिंट-चेकर होते. फिल्म रिवाइंडरवर, म्हणजे रीळ गुंडाळायच्या हातयंत्रावर, फिरवायची, कडेची फाटलेली भोकं बघायची, तुटलं असेल तिथे जोडायचं.

आता स्कोप म्हणजे काय, तेही सांगते. रुंद चित्र अरुंद फिल्मवर बसत नाही. म्हणून ते आडवं दाबून छापतात. दाखवताना मशीनपुढे एक जादा लेन्स लावायची, ती चित्र परत पसरवते. लेन्स नसेल तर पडद्यावर सगळे बांबू. आमच्याकडे अशी लेन्स एकच होती, आणि ती आमचा ऑपरेटर सिद्राम माळशिरसला साखर कारखान्याच्या शोला घेऊन गेला होता. तो दोन दिवसांनी येणार होता. आमचा शो त्याच संध्याकाळी.

"ट्रंककॉलवर मुंबईला विचारलं न्हाई का, स्कोप की फ्लॅट?" मी अण्णांना विचारलं.

"आवाजच येत नव्हता की धड. दुसरा भाग पायजे म्हणलो, दुसरा भाग पाठवला त्यांनी."

दुसरा भाग म्हणजे एका रहस्यपटाचा. पहिल्या भागाने सगळ्या सोलापूरची झोप उडवली होती. डोंगरावरचा बंगला, बायको कड्यावरून पडते, तिला ढकलणारा हात दिसतो, पण हात कुणाचा ते कळत नाही. तिथेच सिनेमा संपतो! लोक टॉकीजमध्ये खुर्च्या बडवायचे म्हणे.

हा शो होता एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरी, फक्त बायकांसाठी. त्या घरच्या बायका टॉकीजला जात नसत. मागच्या वर्षी पहिला भाग त्यांनी घरीच पाहिला होता, पण त्यात एक गंमत झाली होती. सिद्राम पुरुषमाणूस, त्याला आत कसं घेणार? त्याला मशीनसकट चादरींच्या आडोशाला बसवलं, फक्त लेन्स बाहेर. त्याला पडदा दिसतच नव्हता. चित्र धूसर झालं की आतून कुणीतरी ताट वाजवायचं, की हा अंदाजाने फोकस फिरवणार. अर्धा सिनेमा ताट वाजवण्यातच गेला. म्हणून यंदा घरच्या आजींनी, बडीअम्मांनी, सांगून ठेवलं होतं, बाई ऑपरेटर असेल तरच या.

बाई ऑपरेटर सोलापुरात कुठून आणणार? मी अण्णांच्या मागे लागले होते, मला पाठवा, मला मशीन येतं. खरंच येत होतं. रोज दुपारी गोडाऊनमध्ये मीच प्रिंटा चालवून बघायचे. पण अण्णांचं एकच पालुपद, बाईच्या हातात शो देत नाही. या वेळी मात्र नाइलाज झाला. "हा शो नीट झाला तर तुला मशीनवर घेतो," ते म्हणाले होते. "न्हाईतर रिवाइंडर फिरवत बस आयुष्यभर. परत नाव काढायचं न्हाई."

आणि आता हे!

"शो पुढे ढकला," मी म्हणाले.

"ढकलता येत न्हाई. त्यांची नात, नसीम, उद्या सकाळच्या गाडीनं हैदराबादला सासरी चाललीय. तिच्यासाठीच तर हाय सगळं." अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जाऊ दे. लांब तोंडं तर लांब तोंडं. बायकास्नी काय कळतंय त्यातलं?"

माझं डोकंच फिरलं. "कळतंय की! डोळे काय पुरुषांनाच दिलेत देवानं? आणि बोल कुणाला लागणार? मलाच. बघा, बाई पाठवली आणि हिरोचा बांबू झाला, म्हणतील."

अण्णांनी टोपी परत डोक्यावर घातली. माझं विचारचक्र चालूच होतं. तेव्हा मला मैंदर्गीचा किस्सा आठवला. सिद्राम तिथे शाळेच्या पटांगणात साधी, फ्लॅट फिल्म दाखवायला गेला होता. पडद्याची एक बाजू खांबाला आणि दुसरी लांब मागच्या झाडाला बांधली. पडदा पार तिरका. चित्र आडवं पसरलं, हिरो फुगला, आणि लोक ओरडायला लागले, याला काय सूज आलीय का? सिद्राम ही गोष्ट हसत हसत सांगायचा. मी मनाशी म्हटलं, तिरक्या पडद्यावर साधा माणूस जाडा होतो ना? मग माझा बारका माणूस बरोबर होईल की!

अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी खोडा घातला असता. मशीन, स्पीकर, फिल्मचे डबे आणि शाळांच्या मोठ्या मैदानासाठी ठेवलेली लांब पल्ल्याची लेन्स, एवढं टांग्यात घातलं आणि निघाले. अण्णा सायकलवर मागून.

ट्रान्सपोर्टवाल्यांचं आवार बघून जीव भांड्यात पडला. ट्रक उभे करायची लांबलचक जागा, चारी बाजूंनी उंच भिंत. पुरुषमंडळी बाहेर गेलेली. अण्णा फाटकाबाहेरच थांबले, फाटक बंद झालं.

बडीअम्मा खाटेवर बसून पान लावत होत्या. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तूच का मशीनवाली? आती क्या तेरेकू?"

"येतं की, अम्मा. फक्त मी सांगेन तसं बसायचं आणि मी सांगेन तसा पडदा बांधायचा."

"हौ. बांध."

पडद्याची एक बाजू उभ्या ट्रकच्या कड्याला बांधली. दुसऱ्या बाजूला बांबू, तो वाळू भरलेल्या पिंपात रोवला. लांब पल्ल्याची लेन्स लावली, म्हणजे लांबूनही चित्र पडद्यात मावतं, आणि मशीन पार टोकाला नेलं, जेवढं लांब जाईल तेवढं. का, तर मशीन जवळ असलं की तिरक्या पडद्यावर एका बाजूचा माणूस उंच आणि दुसऱ्या बाजूचा बुटका दिसतो. लांब नेलं की फरक कमी.

अंधार पडल्यावर मी पहिलं रीळ लावलं. ते भिंतीवरचं घड्याळ आलं, तसंच, अंड्यासारखं. बायकांत खुसखुस सुरू झाली.

"नसीम, त्या पिंपाला हात लाव. मागे ओढ," मी म्हणाले. हातभर मेंदी काढलेली ती पोरगी पदर खोचून उठली. तिच्या दोन चुलतबहिणीही धावल्या. पिंप फरफटत मागे गेलं. घड्याळ थोडं रुंद झालं. "अजून! अजून!" पिंप पार भिंतीकडे गेलं, पडदा मशीनपासून पळाल्यासारखा तिरका झाला, आणि घड्याळ गोल झालं! अगदी गोल. हिरोचं तोंड माणसाचं झालं.

"या अल्ला, ये तो वोच हीरो है!" नसीम ओरडली.

मला नाचावंसं वाटलं. पण एक भानगड राहिली होती. पडद्याची जवळची बाजू स्पष्ट, तर लांबची धूसर. तिरक्या पडद्यावर फोकस एका ठिकाणी धरला की दुसरीकडे सुटतो. मी पुठ्ठा मागवला, मधोमध भोक पाडलं आणि लेन्सपुढे बांधला. भोक बारीक केलं की उजेड कमी होतो, पण फोकस खोलवर टिकतो. फोटो काढणारे हेच करतात, फक्त त्यांच्या कॅमेऱ्यात ते भोक आतच असतं. उजेड भागवायला ओसरीवरचे सगळे दिवे घालवले. मग बायकांना पडद्यासमोर तोंड करून बसवलं. म्हणजे मशीन त्यांच्या पाठीमागे नाही, पार एका कडेला. असला शो कुणी बघितला नसेल!

"सीधे हाथ का आदमी जरा ठेंगणा दिखता," बडीअम्मा म्हणाल्या. म्हातारीची नजर घारीची.

"तेवढं चालवून घ्या, अम्मा."

"चलता. शुरू कर, सालभर से जान अटकी है मेरी."

मी रीळ उलटं फिरवून पहिल्यापासून सुरू केलं. सुरुवातीला बायका चिडीचूप, नुसता स्पीकरचा आवाज. बाहेर अण्णांची काय अवस्था होती, ते मला नंतर कळलं. आत काय चाललंय ते दिसत नाही, बघायची सोय नाही, विचारणार कुणाला? ते फाटकाला कान लावून उभे. सिनेमाचा आवाज येतोय, पण बायकांचं हूं की चूं नाही, म्हणून त्यांना वाटलं, शो बोंबलला. तेवढ्यात बंगल्याच्या जिन्यावर तो हात दिसला आणि सगळ्या बायका एकदम किंचाळल्या.

फाटकावर धडाधड थापा पडल्या. "विमल! ए विमल! काय झालं? फिल्म जळली काय गं?"

मी मशीन सोडून कशी उठू? बडीअम्माच खाटेवरून गरजल्या, "चूप बैठो जी! कातिल आ रहा है!"

फाटकावरच्या थापा बंद झाल्या. कातिल कोण निघाला ते मी सांगत नाही, पण नसीमने टाळी वाजवून चुलतबहिणीला सांगितलं, "बोली थी ना मैं!" आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडायला लागली. सगळ्याच रडायला लागल्या. मी रिळं आवरत होते, माझेही डोळे भरले. उद्या ती जाणार होती, पण निकाल बघून जाणार होती.

बडीअम्मा फाटकापर्यंत चालत आल्या. आतूनच बोलल्या, "मालक, हैं क्या बाहर?"

"व्हय, हाय की."

"मागच्या वर्षी ताट वाजवून हात दुखले आमचे. आज एकदाही वाजवावं लागलं नाही. पुढच्या वेळेला हीच पोरगी पाहिजे. दुसरं कोणी नक्को."

बाहेरून अण्णांचा आवाज आला, "हीच येईल, अम्मा. ऑपरेटर हाय ती आमची."

मी तेव्हा स्पीकरची वायर गुंडाळत होते. ती उलटीच गुंडाळली गेली, खोटं कशाला सांगू? इतका अभिमान मला लग्नात नवऱ्याने नाव घेतलं तेव्हाही वाटला नव्हता.

सिद्राम परत आला, त्याचा विश्वास बसेना. गोडाऊनमध्ये पडदा तिरका बांधून त्याला दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. अण्णांच्या मात्र डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. "मग विमल," ते म्हणाले, "ती लेन्स ठेवायची कशाला? विकून टाकू की."

"अण्णा," मी म्हणाले, "अडलं म्हणून एकदा पडदा तिरका बांधला. रोज बांधला तर गिऱ्हाइकं आपल्यालाच तिरकं करतील."

लेन्स विकली नाही. मुंबईच्या ट्रंककॉलवर मात्र तेव्हापासून मीच बोलायचे, आणि नमस्काराच्या आधी विचारायचे, स्कोप की फ्लॅट?