लंडनपर्यंतचा केर

मूर्तिजापूरच्या रेल्वे क्वार्टरांत मनकर्णाबाईंएवढी टापटिपीची बाई दुसरी नव्हती. शेजारी मी माझं अंगण झाडून घेतलं तरी त्या नाक मुरडूनच पुढे जायच्या. अशा बाईच्या घरात बासष्ट साली, दिवाळी तोंडावर आलेली असताना, पंधरा दिवस केर निघाला नाही. कारण काय, तर विमान.

त्यांचा एकुलता एक शालिकराम शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला निघाला. घरचं माणूस गावाला गेलं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, ही रीत आम्हीही पाळतो. पण आमचं माणूस जातं अमरावतीला, दुपारपर्यंत पोचतं. लंडन मुंबईहून साडेचार हजार मैल. विमान कधी पोचेल हे बाईंनी नवऱ्यालाच विचारलं. केशवराव आमच्या अचलपूरच्या छोट्या गाडीवर, शकुंतलेवर, गार्ड, म्हणजे प्रवासातलं सगळं कळणारे.

त्यांनी हिशोब शकुंतलेवरूनच मांडला. तिला अचलपूरचे पन्नासेक मैल जायला चार तास लागतात, म्हणजे त्या चालीनं लंडनला पंधरा दिवस. विमानाला म्हशी आडव्या येत नाहीत म्हणून त्यांनी दोन दिवस वजा केले, इंजिनात पाणी भरायला थांबावं लागणारच म्हणून एक वाढवला. बेरीज पंधरवड्यावर गेली.

विमान सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनहून तार आली, सुखरूप पोचलो म्हणून. मीच वाचून दाखवली. केशवरावांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मायचा जीव घाबरू नये म्हणून पोट्ट्यानं मुंबईहूनच ठोकली असेल, म्हणाले. एका दिवसात अचलपूरची गाडी जाऊन येते, लंडन कुठलं?

मी चिडले. मनकर्णाबाईंना सरळ सांगितलं की पोरगा पोचलाय, घर झाडा.

"अन् झाडलं, अन् त्याचं काई कमीजास्त झालं तं? तू देशीन का आणून?"

सगळीकडे दिवाळीसाठी भिंतींना चुना लावणं चाललेलं, आणि ही बाई स्वतःच्या घरात शेंगांची टरफलं तुडवत फिरायची. केशवराव एकदा संत्र्याच्या सालीवरून घसरून आडवे झाले आणि पडल्यापडल्याच म्हणाले की शालिकराम आता एडनच्या पुढे गेला असावा.

धनत्रयोदशीच्या सकाळी हिशोब पुरा झाला. केशवराव गार्डाचा कोट चढवून, खिशातलं घड्याळ काढून दारात उभे राहिले आणि पोचला म्हणाले. मनकर्णाबाईंनी झाडायचा फडा उचलला. सुटलो बाई एकदाचे, असं मला वाटलं. पण त्यांचा हात चालेना.

"आतापरेंत रस्त्यानं होता," त्या म्हणाल्या. "आता गेला."

आणि ती कडक बाई फडा धरून रडायला लागली. केशवरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि घड्याळ खिशात घातलं.

"थांब जरासाक," ते म्हणाले. "पाणी भराचं एक ठेसन राह्यलं माह्या हिशोबात."

मनकर्णाबाईंनी फडा परत दारामागे ठेवला. त्या वर्षी त्यांच्या पणत्या टरफलांतच लागल्या.