धुक्यातून आलेलं आमेन

परवा शनिवारी सकाळी मी आणि सासूबाई रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चक्क हरवलो. हसू नका... मोबाईलला रेंज होती, पण फोन करून सांगणार काय? आपण कुठे आहोत हेच माहीत नव्हतं.

सासूबाईंची धाकटी बहीण पलीकडच्या गावात राहते. तिची तब्येत बरी नाही म्हणून आम्ही एसटीने निघालो आणि फाट्यावर उतरलो. डांबरी रस्त्याने गेलो असतो तर काहीच झालं नसतं. पण सड्यावरून लवकर पोचतो, लहानपणापासून वाट पायाखालची आहे, असं आईंचं म्हणणं... आणि आईंनी ठरवलं की ठरलं.

निम्म्या वाटेत धुकं उतरलं. पावसाळ्यात सड्यावर धुकं काही नवीन नाही, पण हे वेगळंच होतं. पायाखालचा ओला काळा कातळ तेवढा दिसायचा, बाकी सगळं पांढरं. शेजारून एक म्हैस गेली, ती दिसली नाही... फक्त तिचा श्वास ऐकू आला. मग तोही थांबला.

आई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, प्रार्थना करू. आईंची प्रार्थना म्हणजे मुंबईतले, आजारी, परीक्षेला बसलेले, अशा सगळ्या नातेवाइकांची हजेरी. मनात म्हटलं, आता इथेच दुपार होणार. पण आधार मलाही हवा होता, म्हणून मुकाट्याने डोळे मिटले. शेवटी त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाल्या.

आणि समोरून कोणीतरी "आमेन" म्हणालं.

जरा उशिरा... जरा खालून. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आईंचा चेहरा मात्र खुलला. "आमेन बोललान ना? म्हंजे आपल्यातलाच कोणतरी हाय गो," असं म्हणत त्या चालायलाही लागल्या. आता त्या पंचक्रोशीत ख्रिस्ती घर एकच, मावशींचं, आणि मावशी तर अंथरुणावर. मग ह्या उजाड कातळावर आमेन म्हणायला आलं कोण?

आईंनी हाक मारली, "कोण हाय?" समोरून आलं... हाय. मग आई खोकल्या. समोरचंही खोकलं. खोकला आईंचाच, पण येत होता धुक्यातून.

मी त्यांचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरला. तिथेच ओल्या कातळावर फतकल मारून बसले आणि त्यांनाही ओढून बसवलं.

"देवाची लेकरं आपण. भुताखेताला घाबरतेस काय?" आई चिडून म्हणाल्या. ते मला फार लागलं, कारण खरंच होतं. दर रविवारी संडे स्कूलच्या मुलांना विश्वासाच्या गोष्टी सांगणारी मी, आणि त्या क्षणी माझ्याकडे ना विश्वास होता, ना एक धड प्रार्थना. नुसती भीती होती. पण पदर काही मी सोडला नाही... त्या ओढत होत्या तरी सोडला नाही.

बऱ्याच वेळाने वारा सुटला आणि धुकं थोडं हललं. आमच्या पुढे जमीनच नव्हती.

चिरेखाण होती ती. जांभ्या दगडाचे चिरे कापून कापून सरळ उभ्या झालेल्या भिंती, आणि खोल खाली हिरवट काळं पाणी. कुंपण नाही, पाटी नाही. आईंच्या लहानपणी तिथे सपाट सडा होता, खाण नंतर झाली. पलीकडच्या भिंतीवर आपटून आमचंच आमेन परत येत होतं, आणि आई त्याच्या दिशेने निघाल्या होत्या... अजून दोन पावलं गेल्या असत्या, तर मी घरी एकटी आले असते.

रस्ता दिसायला लागल्यावर आम्ही उठलो आणि मागे वळून डांबरीला लागलो. मावशींच्या दारापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

काल चर्चच्या उपासनेत आई साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या आवाजाचं रंगवून सांगणार. पण त्या एवढंच बोलल्या, "देवानं माझ्या सुनेला भित्री केलान, म्हणून मी आज हितं उभी हाय. त्याचे उपकार."

सगळे हसले. मी मान खाली घालून रडत होते.

देव जवळ असला की भीती पळून जाते, असंच मी आजवर मुलांना शिकवत आले. प्रभू, त्या भीतीबद्दल तुझे खूप खूप आभार... त्या सकाळी तू माझ्या इतका जवळ होतास, की मी थरथर कापत होते.