सळईतली शिवण

तुमच्या आईची पीएचडी का राहिली, हे ती तुम्हाला सांगणार नाही. म्हणून मी, तुमची आजी, लिहून ठेवते. आपल्या घरातली ती पहिलीच पीएचडी झाली असती.

नांदेडच्या प्रयोगशाळेत ती अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं ठरावीक प्रमाणात बारीक नळीत वितळवायची आणि ती नळी भट्टीतून एका वेगाने खाली ओढायची. दोन्ही घटक एकदमच गोठून नळीत सळई तयार होते आणि तिच्यात त्यांच्या एकाआड एक पट्ट्या होतात. सावकाश ओढलं तर पट्ट्या जाड, भराभर ओढलं तर बारीक. वेग चौपट केला की पट्ट्यांमधलं अंतर निम्मं. प्रबंध त्यावरच होता, आणि अशी सळई ताणली तर किती टिकते यावर. सगळ्यात सावकाश ओढायची सळई तेवढी राहिली होती. शुद्ध धातू एका सळईपुरताच उरला होता आणि मुदतवाढ महिनाअखेर संपत होती.

त्या दिवशी ती सळई भट्टीत लावून, मला तिथे राखणीला बसवून ती मार्गदर्शकांच्या सहीसाठी लातूरला गेली. "आई, नुसती बसून राहा. कशाला हात लावू नकोस."

दुपारी तीनला वीज गेली. मी उठले आणि भिंतीवरची सगळी बटणं ओळीने बंद केली. वीज परत येताना दाब जास्त असतो, वस्तू जळतात. चाळीस वर्षं घरात मी हेच करत आले.

अर्ध्या तासाने झाडायला आलेल्या मावशी दारातच थांबल्या. "अवो बाई, भट्टी कामून बंद केली? ती बॅटरीवर चालू व्हती की!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"मला काय म्हाईत तुमी उठताल म्हणून? ताई तर तुमाला बसा म्हणल्या व्हत्या."

परत आल्यावर तुमच्या आईने सळई उभी कापली, घासली आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. अर्ध्यापर्यंत पट्ट्या जाड, सरळ. मग एक आडवी शिवण. तिच्यापुढे घाईने गोठलेला बारीक गुंता.

"ही तू उठलीस ती वेळ," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अर्धी चांगली आहे ना? तेवढ्यावर लिही."

"ताणून बघायला सलग सळई लागते, आई."

मुदत संपली. वर्षभरात तिने, तुम्ही आता राहता तिकडे, संगणकावरची नोकरी धरली. मी फोनवर दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिने विचारलं, "आई, जेवलीस का?"

मी हो म्हणाले.