लॉरीचे दिवे
बाळांनो, तुमच्या नव्या गाडीच्या पूजेचा फोटो आला आणि कारंज्याच्या बाजारात कापूस नेणारी आमची लॉरी आठवली. तिचे दिवे सारखे बंद पडत. अकोल्याहून, लॉरीच्या कंपनीच्या कारखान्यातून ती दुरुस्त होऊन आली, की बाबा हळदकुंकू वाहून तिच्या लोखंडी पायरीवर नारळ फोडत, आणि आठवड्याभरात दिवे पुन्हा जात. बाबांचा संशय आमच्या मुसलमान ड्रायव्हरवर, चाचांवर होता. “हा चांगली बॅटरी इकून जुनी बसवून राह्यला,” ते आईला म्हणत. शेवटी त्यांनी चाचांना बजावलं, “आता बिघडली त उद्यापासून येऊ नको,” आणि मला पाळतीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी दिवे गेले. चाचांनी माझ्यादेखत पायरी उचलली. तिच्याखालीच बॅटरी होती. तारा हिरव्या पडलेल्या, आंबूस वास येत होता आणि कोपऱ्यात खोबऱ्याचा तुकडा अडकला होता. “चाचा, तुमाले ठाऊक होतं? मंग सांगितलं काहून नाई?” “बेटी, तुमच्या पूजेले मी कशी नावं ठेवू?” मी तो तुकडा नेऊन बाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी चाचांची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. पुढचा नारळ मात्र त्यांनी जमिनीवर फोडला. तुमच्या फोटोत बॉनेट नारळाच्या पाण्यानं ओलं दिसलं, म्हणून आजच लिहायला बसले.