न ओरडणारी कप्पी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले आणि त्यांतले बरेचसे आता विसरलोही. पण घाटकोपरच्या एका चाळीतल्या विहिरीची कप्पी मला अजून लख्ख आठवते. आठवली की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते, कारण त्या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक माझी होती.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मला सब-इन्स्पेक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं. मे महिन्यातल्या एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात पाच-सहा बायका ठाण्यात शिरल्या. सगळ्यांच्या पुढे चाळीतल्या पहिल्या खोलीतल्या काकू होत्या. वयाने पन्नाशीच्या, विधवा, आणि आवाज असा की कोठडीतले दोन आरोपीही उठून बसले.

"आमच्या विहिरीची कप्पी चोरीला गेली," काकू म्हणाल्या.

"मग पाणी कसं काढता?"

"कप्पीवरून."

मी टाक खाली ठेवला.

"आमची नेली आणि दुसरीच कुठली तरी टांगून ठेवली ना," काकू म्हणाल्या. "आमची ओरडायची. ही ओरडत नाही."

हसू दाबत मी जास्त विचारपूस केली, तेव्हा प्रकरण तितकं हसण्यासारखं नाही हे कळलं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जाई. चाळीचा नियम असा की सकाळी सहाला पाणी सुरू करायचं आणि खोलीच्या क्रमाने प्रत्येकीने चार कळश्या भरायच्या. विहिरीला झाकण नव्हतं, कुलूप नव्हतं. कप्पीचा करकर आवाज हेच कुलूप. अवेळी कुणी दोर सोडला की काकूंची खिडकी उघडलीच. आता आठवडाभर कुणीतरी सहाच्या आधीच पाणी उपसत होतं आणि शेवटच्या खोल्यांच्या वाट्याला चिखल येत होता. काकूंच्या शब्दावर चाळ चाले. आता त्याच बायका त्यांना टोमणे मारू लागल्या होत्या.

मी जागेवर गेलो. विहिरीवर काळी, स्वच्छ कप्पी होती. दोर ओढला तर लोण्यासारखी फिरली. चाळीतल्या दोन गृहस्थांना पंच केलं. दोघांनीही सांगितलं की आमची गंजकी होती, ही ती नव्हे. मी तसा पंचनामा लिहिला आणि खाली ऐटीत सही केली. जुनी नेऊन चोर नवी कशाला टांगेल, हे मी विचारलंही होतं. काकू म्हणाल्या, "जुनी विलायती लोखंडाची होती. ही कसली कोण जाणे." मला ते पटलं. नव्या अधिकाऱ्याला उत्तर मिळाल्याचाच आनंद जास्त असतो.

दोन दिवसांनी नाक्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. नऊ-दहा दिवसांपूर्वी, भर दुपारी चाळ झोपली असताना, 'मिलिटरी' टॉवेलात काहीतरी जड गुंडाळून विहिरीकडून आपल्या खोलीत गेले होते.

'मिलिटरी' म्हणजे चाळीतले एक निवृत्त फौजी. मूळचे मालवणकडचे. महायुद्धात वाळवंटातल्या वर्कशॉपमध्ये मोटार दुरुस्तीचं काम केलेले. आता चाळिशीच्या आसपासचे. माझ्या टेबलावर त्यांचाच एक कागद पडून होता. एका सरकारी गॅरेजमध्ये त्यांना मिस्त्रीची जागा मिळायची होती आणि चालचलनाचा दाखला ठाण्याने द्यायचा होता. परत आल्यापासून त्यांना टिकाऊ काम नव्हतं, आणि वयाची अट पाहता ही शेवटची संधी होती. चोरीच्या प्रकरणात नाव आलं असतं तर तो कागद तिथेच संपला असता.

मी चाळीत चौकशी केली. त्यांच्या नावाने सगळ्यांचीच काही ना काही कुरकुर. न विचारता दुसऱ्याच्या दाराच्या बिजागरीत तेल घालतात. पाळण्याच्या कड्या काढून घासतात. एक बाई म्हणाली, "माझं दार मुकं केलं हो त्यांनी. पोरगं रांगत बाहेर जायचं, आवाजावरून कळायचं मला. आता काय करू?" मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच सगळं प्रकरण होतं, पण मी चोर शोधत होतो ना.

फौजींना ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा खाकी सदरा घालून आले आणि बसा म्हणेपर्यंत उभेच राहिले.

"कप्पी तुम्ही नेली?"

"नेलंय."

"विकली कुठे?"

"विकूक नाय. थंयच आसा, विहिरीर."

"ती वेगळी आहे. दोन पंचांनी लिहून दिलंय."

मी पुढे झुकलो की त्यांची नजर खाली जाई. दर प्रश्नाला तेच. मागे उभे असलेले जुने हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, हा नजर चुकवतोय. दोन ठेवून देऊ का?"

मी नको म्हणालो, पण मनातून मलाही तसंच वाटत होतं. त्यांच्या जबाबाच्या कागदावर मी 'नजर चुकवतो' असं लिहूनही टाकलं. मग चिडून उठलो आणि टेबलापाशी येऊन उभा राहिलो. त्याच क्षणी फौजींनी मान वर करून सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी खुर्चीत बसलो. खुर्ची करकरली. नजर पुन्हा खाली. ते मला टाळत नव्हते, माझ्या खुर्चीचा मागचा डावा पाय पाहत होते.

"तुम्हाला या आवाजाचा त्रास होतो का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "साहेबानू, एक गाडी होती. असोच आवाज येय होतो. मी म्हटलंय, उद्या बघूया. सात माणसां घेवन गेली ती. परत इली नाय." त्यांनी तळव्याने तोंड पुसलं. "आता कायव करकरलां तर माका बसवना नाय."

हवालदार खिडकीशी जाऊन बाहेर पाहू लागले. समोरच्या कागदावरचे ते दोन शब्द मी खोडले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कप्पी जिच्यावर फिरते ती पिन झिजली होती. ती काढून त्यांनी नवी बसवली, आत बूश म्हणून पितळी नळकांडं घातलं, गंज खरवडून रंग दिला आणि त्याच संध्याकाळी परत टांगली. सांगितलं का नाही, तर दारांवरून एवढी बोलणी खाल्ली होती की गुपचूप करावं असं वाटलं. आणि चोरीचा बोभाटा झाल्यावर तोंड उघडलं तर नोकरी जाईल ही भीती. जुनी पिन घरी होती. फौजेत जुना भाग टाकून देत नाहीत, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर ओळख परेड घेतली. माणसांच्या पुष्कळ घेतल्या, कप्पीची तेवढी एकच. सगळी चाळ गोळा झाली. फौजींनी बूश काढलं, ग्रीस पुसलं, जुनी पिन ठोकली. काकूंनी दोर ओढला.

ती असली किंचाळली की कठड्यावरचे कावळे उडाले.

"हीच," काकू म्हणाल्या. "हीच आमची."

पंचांनी माना डोलावल्या. मी दुसरा पंचनामा लिहिला आणि पहिला चुकीचा असल्याची नोंद केली. वरिष्ठांकडून त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

फौजींनी हातातलं बूश पुढे केलं आणि काकूंना विचारलं, "ह्यां परत घालू काय?"

मला वाटतं, न विचारता काम करणाऱ्या त्या माणसाने चाळीत प्रथमच काही विचारलं होतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या शेवटच्या खोलीच्या बाईकडे पाहिलं. "नको हो," त्या हळू म्हणाल्या. "तुम्हाला त्रास होईल, कळतंय मला. पण राहू दे."

फौजींनी बूश खिशात टाकलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी शेवटच्या खोलीपर्यंत पुरू लागलं. पहाटे उपसणारं कोण होतं ते मी शोधलं नाही. तशी तक्रार नव्हतीच.

मी दाखल्यावर 'चालचलन उत्तम' असं लिहिलं. पुढे वीस-पंचवीस वर्षं माणसांचे जबाब घेतले, पण समोरचा नजर का वळवतो हे कळल्याशिवाय त्याबद्दल कागदावर अक्षर लिहिलं नाही. खाली काय आहे ते आधी पाहायचो.

नोकरी लागल्याचं सांगायला फौजी ठाण्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात तेलाची छोटी बुधली होती. माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून त्यांनी परवानगी विचारली, आणि मी आनंदाने उठून बाजूला झालो. पायाशी बसून ते तेल घालत असताना मी विचारलं, "आता सकाळी झोपमोड होत असेल ना?"

"होता," ते म्हणाले. "आवाज इलो काय अजून काळजात धस्स होता. मगे पडान रवतंय आणि मोजतंय. पयल्या खोलीतली इली, दुसऱ्या खोलीतली इली." त्यांनी बुधलीचं झाकण लावलं. "सगळी इली काय मगे उठतंय."