दोन कोयत्या आणि एक पिस्तूल

गोळी सुनेच्या खांद्यातून आरपार गेली आणि मागच्या चिऱ्याच्या भिंतीत घुसली. सून गवतावर बसली आणि मला म्हणाली, "आई, काय चावलं ओ मला?"

लष्कराच्या छावणीतला साहेब पिस्तूल धरून तसाच उभा. तोंड उघडं.

त्याच्या बायकोनं लावलेल्या पपईवर माकडं बसली होती. त्यांना भिववायला हा घरातून पिस्तूल घेऊन आला. सरकारी नव्हे, स्वतःचं, हौसेनं घेतलेलं. आमच्या गावात माकडं डबा वाजवून हाकलतात. आम्ही दोघी त्याच्या परसात गवत कापत होतो. मी म्हटलं, "साहेब, ते तिकडे धरा." तर हसून म्हणतो, "खाली है, खाली है."

साहेब उत्तरेकडचा. त्याच्या भाषेत खाली म्हणजे रिकामं. आमच्याकडे रिकाम्याला रिकामं म्हणतात, आणि खाली म्हणजे पायाशी. गवतातल्या बाईला कोणी 'खाली आहे' म्हणून सांगितलं, तर तिला सापच सुचतो. सून जनावर बघायला वाकली आणि बार झाला. उभी असती तर पोटात बसली असती. साहेबाच्या शिक्षणानं ती वाचली नाही, तिला हिंदी येत नाही म्हणून वाचली.

पदर फाडून मी खांदा आवळला. जीप आली, तिच्यात सुनेला आडवी घातली. फाटकाशी आलो तर आडसर खाली.

त्या छावणीच्या फाटकावर पाटी आहे. मी चौथी शिकलेली, मला वाचता येते. 'खासगी हत्यार आत नेण्यास सक्त मनाई.' पाटी लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण कोकणात कोयतीसुद्धा हत्यारच. त्यामुळे रोज सकाळी आमच्या कोयत्या वहीत चढायच्या आणि संध्याकाळी मोजून बाहेर यायच्या. गवत कापायला बोलवायचं आणि कोयतीकडे चोरासारखं बघायचं! साहेबाची गाडी आली की मात्र हाच पहारेकरी सलाम ठोकायचा. सलाम करताना डिकी कशी बघणार?

तर तो पहारेकरी वही घेऊन जीपपाशी आला.

"मावशी, कोयत्या?"

"एक माझ्या हातात आहे. दुसरी राहिली गवतात."

"दोन आत गेल्यात. दोन बाहेर पाहिजेत."

"आणि पिस्तुलं किती आत गेली रे? ती लिहिलीस?"

त्यानं खरंच वहीत बघितलं. "ती नोंद नाही माझ्याकडे."

"मग हिचं रक्त लिही. आत नेलं तेवढं बाहेर जात नाहीय."

ड्रायव्हर ओरडला, "अरे मुडद्या, आडसर उचल आधी!" तेव्हा कुठे उचलला.

पुढे चौकशी झाली. टेबलामागे तिघे बसले होते. एकानं मला विचारलं, "तुम्ही दोघी त्यांच्यासमोर का होता?" मी म्हटलं, "गवत तिथेच उगवतं." ते काही कोणी लिहून घेतलं नाही. साहेब म्हणाला, पिस्तूल शस्त्रागारात जमा करायचं माझ्या मनात होतंच, सवड झाली नाही. नियम त्याला तोंडपाठ होता, कलमासकट. महिन्याभरात साहेबाची बदली झाली आणि फाटकावर नवा हुकूम लागला, तो आमच्यासाठी. बाहेरच्या मजुरांच्या जेवणाच्या पिशव्या उघडून बघायच्या. माझ्या डब्यातली भाकरीसुद्धा उलटून बघितली. मी म्हटलं, "बघा नीट, खाली असेल काहीतरी." त्यांना कळलं नाही.

पंधरा दिवसांनी मी ते काम सोडलं.

सुनेचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी मी घालते तिची, आणि घट्ट घातली की बोलणी खाते.

त्या दिवशी परसात तीनच माणसं होती. साहेब, सून आणि मी. तिघंही जिवंत आहोत, झडती मात्र माझ्या भाकरीची झाली.