खळ्यातली कोरडी परात

माणसाने बांधलेली कुठलीही वस्तू माणसाला उघडता येते आणि उघडता आली की बंदही करता येते, अशी माझ्या बायकोच्या मामांची श्रद्धा आहे. यातल्या पहिल्या भागाचे पुरावे त्यांच्या रत्नागिरीच्या घरात जागोजाग पडलेले असतात. मिक्सर उघडा, भिंतीवरचं घड्याळ उघडं, आणि मामींच्या शिलाई मशीनचं पायडल गेली दोन वर्षं फळीवर बसून आहे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून मामांनी एकाही कारागिराला पायरी चढू दिलेली नाही. "ज्याने बिघडवलं नाही, त्याने का म्हणून दुरुस्त करायचं?" असं ते विचारतात. मी घाटावरचा माणूस, नोकरीपायी इथे आलेला. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मामांची छोटी जुनी गाडी घरापुढच्या खळ्यात उभी असते आणि तिच्या पोटाखाली, गळणारं तेल झेलायला, मामींची एक बाद झालेली परात. रोज सकाळी दात घासता घासता मामा वाकून परातीत बघतात आणि आत सांगतात, "अगो, आज तीन थेंब हां." मामी चहा गाळता गाळता "बरं" म्हणतात. तीन थेंब चांगले की वाईट, हे मला कधी कळलं नाही.

पण मुंबईला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने फोनवर सांगून टाकलं, की मे महिन्यात येईन तेव्हा खळ्यात तेलाचा डाग दिसला तर गाडी थेट भंगारात. मामींचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. दर रविवारी मामा त्यांना याच गाडीतून पूर्णगडला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे नेतात आणि वाटेत समुद्र दिसतो त्या वळणावर दोघं थर्मासमधला चहा पितात. रिक्षाने जा, असं मुलाचं म्हणणं. "रिक्षावाल्याला मध्येच थांब म्हणायला लाज वाटते," एवढंच मामी मला म्हणाल्या. त्या गाडीची किंमत मला त्या दिवशी कळली.

दुखणं होतं ऑइल सीलचं. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा जिथून बाहेर निघतो तिथे रबराचं एक कडं असतं, ते झिजलं की तेल गळतं. हे मामांनी मला ओटीवर खडूने काढून दाखवलं. चित्र इतकं सुरेख होतं, सावल्याबिवल्या घातलेलं, की मी चित्रच बघत राहिलो आणि दांडा कुठे गेला ते कळलंच नाही.

काम सुरू करण्याआधी मामांनी गाडीपुढे नारळ ठेवून चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आज ही गाडी उघडतोय. चाक नीट सुटू दे, जुनं सील निघू दे, नवं सरळ बसू दे, डब्यातलं नवं तेल भरून होऊ दे महाराजा!" प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून केलं. मग गाडी जॅकवर चढली, खाली जांभ्याचे चिरे सरकले, जुनं तेल बादलीत उतरलं. मामा गाडीखालून पान्हे मागत होते आणि मी बहुतेक वेळा भलताच पान्हा देत होतो. तरी संध्याकाळी दांडा जागेवर गेला, चाक चढलं आणि आम्ही अंगभर काळे होऊन चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी परात कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी, चौथ्याही. मामांनी परात शेजाऱ्यांना नेऊन दाखवली. रविवारी पूर्णगडला निघायच्या वेळी मामी ओटीवरून म्हणाल्या, "अहो, हा डबा कुणाचा? चार दिवस पायात येतोय." तो नव्या तेलाचा डबा होता. झाकणही न उघडलेला.

मामांनी डबा उचलून हलवून बघितला. "जावईबापू, तेल भरायला तुम्ही होय म्हणाला होतात."

"मामा, ते देवाला होतं ना?"

"देव कधी गाडीत तेल भरतो काय?"

आतमध्ये तेलच नाही तर गळणार काय! रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी त्या रस्त्यावर निघाली असती तर वळणापर्यंतही पोचली नसती. तेल भरलं आणि सोमवारी परातीत एक थेंब पडला, दुसऱ्या बाजूच्या, न बदललेल्या सीलचा. मामा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्याच्याकडे बघत राहिले. "अगो, आहे हो तेल," ते म्हणाले, पण आवाज पडला होता. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता.

मंगळवारी सकाळी मामींनी परात उचलली आणि तिथेच, गाडीच्या पोटाखालपासून पार तुळशीपर्यंत, कोकमं वाळत घातली. लालजांभळा रस खळंभर पसरला. मुलगा आला, दोन दिवस राहिला, त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि भंगाराचं नाव काढलं नाही. निघताना मात्र मला फाटकापाशी नेऊन माझ्या हातात एक छोटी पुडी ठेवली. आत नवं ऑइल सील होतं. "दुसऱ्या बाजूचं," तो म्हणाला. "कोकमाला गिअर ऑइलचा वास येत नाही, भाऊजी. आईला सांगू नका."

ती पुडी माझ्या खणात आहे. मामांना दिली तर गाडी पुन्हा उघडणार. नाही दिली तर गळत राहणार. मामा आता पूर्वीइतके वाकत नाहीत. परातीशी पोचायला त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागतो. पण परवा सकाळी पुडी खिशात घालून गेलो तेव्हा त्यांनी आत सांगितलं, "अगो, आज एकच थेंब हां." मामी "बरं" म्हणाल्या, आणि पुडी खिशात तशीच ठेवून मी घरी आलो.